मी येडा नव्हे, डावा आहे

मित्रांनो, भाताच्या पिंजराच्या, म्हणजे पेंढ्याच्या, गंजीवर निळी ताडपत्री घालतात आणि ती वाऱ्यानं उडू नये म्हणून तिच्या कडेला दोरीनं दगड बांधून सोडतात, हे तुम्ही पाहिलं असेल. बेळगावजवळच्या मच्छ्याहून खानापूरकडे निघालं की डाव्या हाताला एक वाडी लागते. तिथल्या एका परसात अशी गंजी आहे. तिच्या उगवतीच्या अंगाला तीन दगड लोंबतात आणि चौथा मी. पण मी दगड नाही. मी एक जुना ब्रेक कॅलिपर आहे; एका थोरल्या गाडीच्या पुढच्या डाव्या चाकाचा.

आमचं काम आधी सांगतो, कारण पुढची सगळी रड त्यातच आहे. चाकाबरोबर एक लोखंडी चकती फिरते, तिला डिस्क म्हणतात. ती जबड्यात धरल्यासारखा मी बसतो. गाडीवाल्यानं पॅडल दाबलं की नळीतून ब्रेक ऑइल माझ्या पोटात शिरतं, माझे पिस्टन पुढे सरकतात आणि दोन्हीकडचे पॅड डिस्कला आवळतात. ऑइल कितीही दाबा, ते दबत नाही. म्हणून तर पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो. हवा मात्र दबते. माझ्या पोटात हवेचा एक बुडबुडा राहिला, तर पायाचा जोर त्या बुडबुड्याला चेपण्यातच संपतो. म्हणून मला जन्मताच डोक्यावर एक छोटी निप्पल दिलेली आहे. हवा वर चढते, निप्पल सैल केली की निघून जाते. डोक्यावर, एवढं ध्यानात ठेवा.

आम्ही जुळे भाऊ. साच्यातून निघालो तेव्हाच ठरलं होतं, तो उजव्या चाकाचा आणि मी डाव्याचा. आरशापुढे उभं राहावं तसे आम्ही एकमेकांसारखे, पण उलटे. तुमच्या चपलांचंच बघा ना. डावी चप्पल उजव्या पायात घालून माणूस चालू शकतो, लोक थोडे हसतात इतकंच. आमची अदलाबदल झाली तर कोणी हसत नाही, कारण कोणाला कळतच नाही.

आमची थोरली गाडी बेळगावहून गोव्याला पर्यटक न्यायची. तिचा ड्रायव्हर नागराज. चाकामागून मला ड्रायव्हर दिसत नाही, तो मी पायावरून ओळखतो, आणि माझ्याकडे पायांची मोठी नोंद आहे. नागराजचा पाय म्हणजे जुन्या पोस्टमास्तरचा शिक्का: वेळेवर, सरळ आणि एकदाच. चोर्ला घाटाच्या प्रत्येक वळणाआधी तो आम्हाला हलकेच सांगायचा, आणि आम्ही ऐकायचो. उलट काही पाय असे की आधी मोबाइल बघतील, मग रस्ता, मग आम्हाला लाथ. आणि सगळ्यात मजेशीर पाय ड्रायव्हरच्या शेजारी बसलेल्याचा. विशेषतः तो गृहस्थ कोणाचा सासरा असला तर. त्याच्यापुढे पॅडल नसतं, तरी तो प्रत्येक वळणाला मोकळी फरशी दाबत असतो. धप, धप. तो आवाज मला खाली ऐकू यायचा आणि हसू यायचं.

आठ वर्षं झाली आणि एक दिवस सिग्नलला उभ्या असलेल्या आमच्या गाडीला मागून ट्रकनं ठोकलं. मागचा अर्धा भाग गेला, नागराज वाचला. पुढचं सगळं शाबूत होतं, म्हणून आम्ही तम्मण्णाच्या स्क्रॅप यार्डात आलो.

तम्मण्णा कन्नड माणूस. गिऱ्हाईक मराठी आलं की मात्र तो मोठ्या अगत्यानं मराठीत बोलायचा. त्याच्या मराठीत पुल्लिंग-स्त्रीलिंगाची जरा मारामारी व्हायची, पण मनात खोट नव्हती. एका रविवारी त्याच्याकडे दोघं आले. एक रविराज, मच्छ्याच्या कारखान्यात लेथवर काम करणारा, तिशीतला. दुसरा भरमू, त्याच्या वाडीच्या फाट्यावर गॅरेज चालवणारा फिटर.

रविराजकडे एक धाकटी गाडी होती. तिच्यात मागच्या दिवाळीला सहा माणसं आणि फराळाचे डबे भरून तो निपाणीला निघाला होता. तवंदी घाट उतरताना तिचे ब्रेक तापले, करपट वास सुटला, चाकातून धूर आला. त्याची आई गुणाबाई खाली उतरली, रस्त्याकडेच्या दगडावर बसली आणि म्हणाली, "ह्या डब्यात मी पुन्हा बसनार न्हाय." आणि ती बसली नाही. निपाणीला तिची थोरली बहीण जयाबाई. उभं आयुष्य तंबाखूच्या वखारीत काढलेली, आता दम्यानं अंथरुणाला खिळलेली. तिला भेटायला गुणाबाई दोन बस बदलून जायची. मग तिचे गुडघे धरले आणि तेही थांबलं. फोनवर जयाबाई म्हणायची, "ये की गं एकदा." गुणाबाई म्हणायची, "येते आक्का." आणि फोन ठेवून पदरानं तोंड पुसायची. हे बघून रविराजनं ठरवलं होतं, की धाकट्या गाडीला थोरल्या गाडीचे ब्रेक घालायचे आणि आईला निपाणीला न्यायचं.

तम्मण्णानं आम्हा दोघांना फळीवर ठेवलं. "बघा री, किती छान वस्तू हाय. चोर्ला घाट चढला-उतरला माल हाय ह्ये." मग एकेकावर बोट ठेवून तो म्हणाला, "ह्ये येड, ह्ये बल. ध्यान ठेवा हां, चुकू नका."

मित्रांनो, माझ्या आयुष्याची माती ह्या एका वाक्यात झाली.

कन्नडात 'येड' म्हणजे डावं आणि 'बल' म्हणजे उजवं. तम्मण्णा सगळं मराठीत बोलत होता, फक्त हे दोन शब्द त्याच्या घरातून आले. आणि असं समजू नका की रविराजला कन्नड येत नव्हतं. कारखान्यात अर्धा दिवस तो कन्नडातच बोलायचा. भरमूची तर निम्मी गिऱ्हाईकं कन्नड. पण समोरचा मराठीत बोलतोय म्हटल्यावर दोघांचे कान मराठीत बसले होते. त्यांना ऐकू आलं, हे येडं आणि हे बळाचं.

"येडं व्हय?" भरमू मला खालीवर करत म्हणाला. "व्हय, व्हय, येड," तम्मण्णा खुशीत मान हलवत म्हणाला. "दोन्ही चांगला हाय."

"येडं आसून चांगलं म्हनतोय," बाहेर आल्यावर भरमू म्हणाला. "मानूस खरा हाय. दुसरा आसता तर लपिवला आसता." तम्मण्णाच्या प्रामाणिकपणाचं कौतुक करत ते दोघं मला घेऊन निघाले. मी काय करणार? मला जबडा आहे, पण जीभ नाही.

पुढचे पंधरा दिवस रविराजनं जे काम केलं ते पाहून कोणालाही आदर वाटेल. धाकट्या गाडीच्या चाकाच्या मागे आमच्यासाठी जागाच नव्हती. त्यानं पोलादाची जाड पट्टी घेतली, सुट्टीच्या वेळात कारखान्यात तिचे ब्रॅकेट केले, चार-चारदा मापाचा व्हर्नियर लावून भोकं पाडली. चाक ज्यावर बसतं त्या हबवर आमची मोठी डिस्क बसावी म्हणून तिची छिद्रंही नव्यानं पाडली. जुनी चाकं आम्हाला घासत होती, म्हणून मोठी चाकं आणली. मिलीमीटरच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत त्यानं सगळं मापलं. तम्मण्णाचा शब्द तेवढा मापायचा राहिला.

बसवायच्या दिवशी भरमूनं बरोबर प्रश्न विचारला, पण चुकीच्या माणसाला. "रविराज, कुटलं कुटं घालू?"

रविराज जरा थांबला. "आमचं आप्पा नांगराला बुजरं बैल कायम उजव्या अंगाला धरायचं. आपल्या हाताखाली. कवा काय करील, नेम न्हाय म्हनून. आनि बळाचं बैल डावीकडं."

"मग येडं तुज्या अंगाला."

"व्हय, माज्या अंगाला. नजरंखाली ऱ्हाऊ दे."

आणि मी, डाव्या चाकाचा कॅलिपर, उजव्या चाकावर चढलो. माझा उजवा भाऊ डावीकडे गेला. आमच्या निप्पला, ज्या डोक्यावर असायच्या, त्या तळाला आल्या. ब्रॅकेट रविराजनं इतके नेटके केले होते, की आम्ही उलटेही नीट बसलो. नळी मात्र पीळ खाऊन जोडली गेली. निदान ती तरी ओरडेल असं मला वाटलं. भरमू तिच्याकडे बघून म्हणाला, "थोरल्या गाडीचं आसंच आसतंय."

मग हवा काढायचं काम. रविराज आत बसून पॅडल दाबतोय, भरमू खाली निजून निप्पल सैल करतोय. "दाब... धर... सोड." तळाच्या निप्पलमधून स्वच्छ ऑइल आलं, एक बुडबुडा नाही. कसा येईल? बुडबुडे माझ्या पोटाच्या वरच्या कोपऱ्यात आरामात बसले होते, तिथून बाहेर पडायला वाटच नव्हती. "झ्याक!" भरमू म्हणाला. "हवा न्हायच मुळी."

"पॅडल जरा खाली जातंय अण्णा," रविराज म्हणाला.

"जानारच की. पिस्टन केवढं हाय बघ. त्येला ऑइल लई लागतं. दोनदा मार, दुसऱ्याला धरतंय का न्हाय?"

धरत होतं. आणि भरमूचं बोलणं खोटंही नव्हतं, मोठ्या पिस्टनला ऑइल जास्त लागतंच. अर्धं खरं कारण हाती आलं की माणूस उरलेलं शोधत नाही, एवढं मी त्या दिवशी नोंदवून ठेवलं. रविराजच्या पायाला चार दिवसांत सवय लागली, की आधी एकदा हलकं मारायचं आणि मग खरं.

वाडीत आमचं मोठं कौतुक झालं. चाकाच्या फटीतून आत डोकावून लोक म्हणायचे, "आयला, केवढं धूड हाय!" भरमू सांगायचा, "ह्यो बळाचा आनि ह्यो येडा. पर दोगंबी कामाचं." मला सगळे येडा म्हणू लागले. रविराजनं माझ्यावर लाल रंग दिला. रंगवलेला, कौतुकाचा आणि उलटा, असा मी चाकामागे बसून होतो.

मग एक दिवस निपाणीहून फोन आला. जयाबाईचं दुखणं वाढलं होतं. गुणाबाई परसात उभी राहून गाडीकडे बघत राहिली. रविराज म्हणाला, "आये, आता डबा न्हाय ह्यो. ब्रेक बघ की, केवढं घातलंय. तुज्यासाटीच घातलंय."

"धूर न्हाय न्हवं येनार?"

"न्हाय येनार."

"शपत?"

"तुजी शपत."

ती बसली. ड्रायव्हरच्या शेजारी. पट्टा गळ्याला काचतो म्हणून तिनं तो नुसता पुढून ओढून हातात धरला. मांडीवर पिशवी, पिशवीत आक्कासाठी केलेले तांदळाचे लाडू. बेळगाव गेलं, संकेश्वर गेलं. ती बोलत होती. आक्काला काय काय सांगायचं त्याची उजळणी चालली होती. मी प्रत्येक दाबाला माझ्यातला बुडबुडा मोजत होतो. सपाट रस्त्यावर तो गप्प होता. पण पुढे घाट होता, आणि घाटात ऑइल तापतं, आणि तापलं की हवा फुगते. मला सगळं ठाऊक होतं. ठाऊक असून मला एक साधं करकरणंही जमलं नाही. नवे पॅड होते, आवाजच येत नव्हता.

तवंदी घाटाच्या पहिल्या वळणाला रविराजनं दोनदा मारलं, धरलं. दुसऱ्याला तीनदा मारावं लागलं. मग सरळ रस्त्यावरही त्याचा पाय पॅडल चाचपत राहिला. तिसऱ्या वळणापलीकडे उसानं भरलेली ट्रॉली मुंगीसारखी उतरत होती. त्यानं पॅडल दाबलं आणि ते थेट फरशीला टेकलं. पुन्हा दाबलं, पुन्हा फरशी. माझ्यापर्यंत काहीच येत नव्हतं, मित्रांनो. जबडा उघडा, डिस्क त्यातून फिरतेय आणि मी धरू शकत नाही. आणि तेवढ्यात मला पलीकडून तो आवाज ऐकू आला. धप, धप. गुणाबाई दोन्ही पायांनी मोकळी फरशी दाबत होती. त्या दिवशी मला हसू आलं नाही.

रविराजनं गिअर खाली ओढला, हँडब्रेक खेचला आणि गाडी डोंगराच्या अंगाच्या गटारीत घातली. ट्रॉली वाचली, तो वाचला. गुणाबाईचं मांडीचं हाड मोडलं. लाडू सगळ्या गाडीभर झाले.

निपाणी तिथून खाली दिसत होती. पण ऑपरेशन बेळगावलाच होईल म्हणाले, आणि ॲम्ब्युलन्स तोंड फिरवून उलट्या दिशेला गेली.

जयाबाई नवव्या दिवशी गेली. गुणाबाई तेव्हा पलंगावर होती, पायाला वजन बांधलेलं.

भरमूनं आम्हाला काढलं. "तम्मण्णानं सांगितलं व्हतं की येडं हाय म्हनून. आपलीच चूक," तो म्हणाला, आणि माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी मुद्दाम केलं. धाकट्या गाडीला तिचे जुने ब्रेक परत आले. माझ्या भावाला हुक्केरीच्या कोणीतरी नेलं. 'बळाचा' म्हणून त्याला लगेच गिऱ्हाईक मिळालं. येड्याला कोण नेणार? रविराजनं मला परसात फेकलं आणि सुगीनंतर गंजी रचली तेव्हा चौथा दगड कमी पडला.

चार महिन्यांनी गुणाबाई काठी टेकत परसात येऊन बसायला लागली. एका सकाळी ती शेंगा फोडत होती आणि रविराज ताडपत्रीच्या दोऱ्या आवळत होता. तिचं लक्ष माझ्याकडे गेलं.

"दगडात लोखंड कशाला रं ह्ये?"

"त्यो ब्रेकमदला येडा, आये."

"येडा म्हंजी?"

रविराजनं नाइलाजानं सांगितलं. यार्ड, फळी, तम्मण्णाचं बोट, सगळं. तिचे शेंगा फोडणारे हात थांबले.

"त्यो मानूस कुटला?"

"कन्नड हाय. पर मराठी झकास बोलतोय."

"येडं म्हनला, का येड म्हनला?"

रविराजनं दोरी सोडली. "...येड म्हनला."

"आनि दुसऱ्याला?"

"बल."

गुणाबाईचं माहेर चिकोडीकडचं, कन्नड मुलखातलं. ती आधी फस्सकन हसली आणि मग हसू तिथंच थांबलं. "अरं रव्या, आमचं बाबा बैलगाडी हाकताना दिवसभर वरडायचं की. येडक्के, बलक्के. डावीकडं, उजवीकडं. तुला ठावं न्हाय व्हय?"

ठाऊक होतं. त्याच्या तोंडाकडे बघूनच ते कळत होतं. त्यानं मला दोरीतून सोडवलं, हातात धरलं, डाव्या चाकावर बसवतात तसं फिरवलं. माझी निप्पल वर आली. बरोब्बर डोक्यावर. कितीतरी दिवसांनी मी सुलटा झालो होतो. रविराज तसाच मातीत खाली बसला.

"आये, दुसरं हुडकून आनतो," तो म्हणाला. "दोन्ही नीट बसिवतो. मग घाट काय, डोंगर उतरू."

"उतरून जायचं कुनाकडं?"

गुणाबाईनं एक शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. "बाबाच्या बैलगाडीत आक्का कायम येडाला बसायची, मी बलाला," ती म्हणाली. "बाबा म्हनायचं, दोगी सारख्या वजनाच्या, म्हनून गाडी डुलत न्हाय." मग काठीनं माझ्याकडे दाखवत म्हणाली, "बांद त्ये डावं परत. वारं सुटलंय."

तेव्हापासून ह्या घरात मला कोणी येडा म्हणत नाही. डावं म्हणतात. नाव सुधारलं, पण डावं असायला उजवीकडे कोणीतरी लागतं. माझा भाऊ हुक्केरीत कुठल्या गाडीला, कुठल्या बाजूला बसवलाय देव जाणे. त्याची निप्पल वर असू दे, एवढंच म्हणतो.

मित्रांनो, थोरल्या गाडीचे ब्रेक धाकट्या गाडीला घालणं पाप नाही. रविराजचे हात सोन्याचे होते. पण आमच्यासारख्या मुक्या वस्तूंना हात लावाल तेव्हा, ज्यानं त्या दिल्या त्याला आणखी एकदा विचारा, "काय म्हणालात?" दोन भाषांच्या गावात तर नक्कीच विचारा. पुन्हा विचारायला लाज वाटली तर तेवढी लाज सोसा. आम्हाला सांगता येत नाही, हो.

बाकी माझं बरं चाललंय. लाल रंग उडाला, पिस्टन गंजून जागीच बसले. खानापूरच्या रानाकडून वारा आला की ताडपत्री फडफडते, दोरी ताणते आणि मी धरून ठेवतो. धरणं एवढंच मला येतं. डिस्क नाही तर ताडपत्री.